टोचणारा आवाज

तुमच्या घरात कुणी इलेक्ट्रिक गिटार वाजवत असेल, तर ब्रिजजवळच्या पिकअपचा आवाज तुमच्या ओळखीचा असेल. कानात टाचणी टोचावी तसा. कारण साधं आहे. तार जिथे ब्रिजला टेकते तिथे ती फारशी हलत नाही. त्यामुळे तिथल्या पिकअपकडे मूळ स्वर कमी पोचतो आणि वरचे बारीक स्वरांश त्या मानाने जास्त. माणसाचा कानही साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात हळवा असतो, आणि हा आवाज नेमका तिथेच घुसतो.

फेंडरने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली, तेव्हा तिला टोनची दोन बटणं होती: एक गळ्याजवळच्या पिकअपसाठी, एक मधल्यासाठी. ब्रिजच्या पिकअपला काहीच नाही. ज्याला लगाम हवा तोच मोकाट! माझी जुनी गिटार याच रचनेची. टोरोंटोच्या हिवाळ्यात, तळघरातल्या खोलीत बसून मी तो आवाज माणसाळवायच्या मागे लागले.

उपाय आहेत. स्क्रू फिरवून पिकअप थोडा खाली करता येतो. मधल्या टोनच्या बटणाची वायर ब्रिजकडे वळवून डाग देता येतो. पण टोनचं बटण आवाजात काही घालत नाही, फक्त काढून घेतं. वरचे स्वर कपॅसिटरमधून ग्राउंडकडे निघून जातात. म्हणून प्रश्न पडतो: टोचणारी गोष्ट बोथट करावी का, आणि किती?

हा प्रश्न मला प्रयोगशाळेतही भेटला. दोन वर्षांपूर्वी एका नव्या विद्यार्थिनीने आमच्या बैठकीत आपला पहिला आलेख दाखवला. तो चुकीचा होता आणि मी तसं सगळ्यांसमोर, एका वाक्यात सांगितलं. वाक्य खरं होतं. पुढचे कित्येक आठवडे ती बैठकीत बोलली नाही. मग मी धडा घेतला आणि गोड बोलायला शिकले. इतकं, की गेल्या वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या विश्लेषणात गंभीर चूक दिसली तेव्हा ‘एकदा पुन्हा बघायला हरकत नाही’ एवढंच म्हणाले. त्याने हसून मान हलवली. चूक तशीच राहिली.

गिटारवाल्यांना यातला एक भाग ठाऊक असतो. खोलीत एकट्याने वाजवताना जो आवाज टोचतो, तोच ड्रम आणि बेसच्या गर्दीतून वाट काढतो. टोरोंटोचाच रॉबी रॉबर्टसन यंग स्ट्रीटवरच्या गोंगाटाच्या बारमधून तयार झाला, तो टेलिकास्टर घेऊन. तिथे मऊ स्वर कुणाला ऐकू गेला असता? म्हणजे धार किती हवी, हे खोलीत बसून ठरत नाही.

दुसरा भाग मला मिरजेच्या तंबोऱ्याने समजावला. मिरजेतल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्यांचे वंशज तंबोऱ्याची जवारी काढतात: घोडीचा माथा जरा जरा घासून, तार लावून, ऐकून, पुन्हा घासून. जवारी खुली ठेवायची की बंद, ते गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतं. घासून गेलेला भाग परत येत नाही, म्हणून घाई नाही. कारागीर तारेवर फडकं टाकत नाही. तार घोडीला जिथे स्पर्श करते, ती जागा तो घडवतो.

मी नेमकं उलटं केलं होतं. विद्यार्थिनीला मुद्दा तोच, पण आधी खासगीत सांगता आला असता; तिथे स्पर्श सुधारायला हवा होता. सहकाऱ्यासमोर मी मुद्दाच ग्राउंडकडे सोडून दिला. आणि दोन्ही वेळा सोय माझीच झाली. पहिल्यांदा धारेने माझी हुशारी चमकली, दुसऱ्यांदा गोडव्याने माझी नोकरी सुरक्षित राहिली. खालच्याशी तिखट आणि वरच्याशी मवाळ, याला मी दोन वर्षं स्वभावातली सुधारणा समजत होते.

परदेशात आल्यावर ‘जरा सौम्य बोला’ हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. तो नेहमी चुकीचा नसतो. पण पाळण्याआधी एवढं विचारा: माझ्या धारेने जखम कुणाला होते आहे? आणि ती घासून टाकली तर सोय कुणाची होते?

गिटारची वायर मी वळवली. बटण घरी निम्म्यावर असतं, तालमीत पूर्ण उघडं. सहकाऱ्याचा लेख अजून छापून आलेला नाही. सोमवारी त्याला मेल लिहिली. आधी त्याच्या कामातलं काय पटलं ते, मग चूक नेमकी कुठे आहे ते, आकड्यांसह. ‘हरकत नाही’ हे शब्द काढून टाकले. उत्तर अजून आलेलं नाही.