दुरुस्त होणारा कान, राखायचा कान

२०२४च्या जानेवारीत एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाने जाहीर केलं की मोरोक्कोत जन्मलेल्या, जन्मापासून काहीच न ऐकलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाला जनुकोपचारानंतर ऐकू येऊ लागलं आहे. आणि ‘लॅन्सेट’मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयातला प्रयोग छापून आला. तिथे सहा मुलांच्या एकेका कानात तेच जनुक सोडलं होतं आणि सहापैकी पाच मुलं ऐकू लागली होती. अशा बातमीचं ‘बहिरेपणावर औषध सापडलं’ व्हायला वेळ लागत नाही.

बातमी खरी होती, तिचा असा मथळा मात्र खोटा ठरतो. कारण बहिरेपणा हा एक आजार नाही. वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या मोडतोडीचा तो सारखा दिसणारा परिणाम आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं कानाचं संशोधन वाचताना मला तर असं वाटत आलंय, की दुरुस्तीचे शोध गाजतात खरे, पण ते लागू पडतात फार थोड्या कानांना. उरलेल्यांच्या दृष्टीने मोठा शोध वेगळाच आहे. कान नेमका कुठे, कशाने आणि किती गुपचूप बिघडतो, हे आता कळू लागलं आहे.

आधी तो थोड्या कानांचा चमत्कार नीट पाहू, कारण तो खरोखर पाहण्यासारखा आहे.

आवाज पडद्यावर आदळतो, तीन इवल्या हाडांमधून आत जातो आणि अडीच वेढ्यांच्या शंखात, म्हणजे कॉक्लियात, द्रवाची लाट होऊन फिरतो. तिथे केसपेशींच्या रांगा असतात. बाहेरच्या रांगांतल्या साधारण बारा हजार पेशी आवाज वाढवतात, आतल्या रांगेतल्या साडेतीन हजार पेशी तो मेंदूला कळवतात. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या वर आहेत. कानाचा सगळा संसार पंधरा-सोळा हजारांत चालतो. या पेशी जन्माआधीच तयार होतात आणि पुन्हा होत नाहीत. ऐंशी वर्षांचा माणूस त्याच पेशींनी ऐकतो, ज्या आईच्या पोटात असताना बनल्या.

आतली केसपेशी लाटेने हलली की तिच्या तळाशी ग्लूटामेट हे रसायन सुटतं आणि श्रवणतंतू जागा होतो. हे रसायन सोडण्याचा इशारा देणारं प्रथिन म्हणजे ओटोफर्लिन. त्याचं जनुक पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये क्रिस्टीन पेटी यांच्या चमूने १९९९मध्ये शोधलं. धागा मिळाला होता लेबनॉनमधल्या एका कुटुंबाच्या आनुवंशिक बहिरेपणातून. हे जनुक सदोष असलेल्या बाळाच्या कानात बाकी सारं शाबूत असतं: पडदा, हाडं, केसपेशी, तंतू. घरातलं वायरिंग, मीटर, दिवे सगळं ठीक आणि फक्त एक फ्यूज जागेवर नाही, असा तो बहिरेपणा. म्हणूनच फ्यूज बसवल्याबरोबर दिवा लागू शकला.

फ्यूज बसवणं मात्र सोपं नव्हतं. पेशीत जनुक पोहोचवायला जो निरुपद्रवी विषाणू वापरतात, त्याच्या पोटात जेमतेम ४,७०० अक्षरांची जागा असते आणि ओटोफर्लिनचा संदेश आहे सहा हजार अक्षरांचा. संशोधकांनी तो मधोमध कापला, दोन विषाणूंमध्ये भरला आणि दोन्ही तुकडे एकाच पेशीत जाऊन आपसूक जुळतील अशी रचना केली. २०१९मध्ये उंदरांत ते जमलं. २०२२च्या डिसेंबरमध्ये शांघायला पहिल्या मुलाच्या कानात, आतल्या कानाच्या गोल खिडकीतून, ते औषध सोडलं गेलं. जनुक सापडल्यापासून तेवीस वर्षांनी. पुढे तिथेच पाच मुलांच्या दोन्ही कानांवर उपचार झाले, आणि आवाज कुठल्या बाजूने येतोय हेही त्या मुलांना कळू लागलं. २०२५च्या जुलैत चीनमधल्या पाच रुग्णालयांतल्या दहा रुग्णांचे निकाल आले. पूर्वी सरासरी १०६ डेसिबलचा आवाज झाला तर कळायचा, उपचारानंतर तो ५२ डेसिबलला कळू लागला. १०६ म्हणजे कारखान्यातली गर्जना. ५२ म्हणजे घरातलं साधं बोलणं जवळपास हाताशी आलं.

या दहांत पाच ते आठ वर्षांच्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. कान आणि मेंदू यांचा हिशेब वेगवेगळा चालतो. भाषा शिकण्याचं मेंदूचं कौशल्य पहिल्या काही वर्षांत ऐन भरात असतं. ते ओसरल्यावर कान चालू झाला तरी शब्द कळतीलच असं नाही. फिलाडेल्फियाचा मुलगा ऐकतो, पण तो बोलेलच अशी खात्री त्याच्या डॉक्टरांनी दिली नव्हती. खुणांची भाषा त्याला येत होतीच. खुणांच्या भाषेत वाढलेल्या अनेक कर्णबधिरांना ‘आम्हाला दुरुस्त करा’ असं कुणी त्यांच्या वतीने म्हणणं मान्य नाही, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे.

इथे आपल्याशी थेट संबंध असलेली एक मेख आहे. नवजात बाळाचं ऐकणं तपासायला अनेक ठिकाणी ओएई नावाचं छोटं यंत्र वापरतात. डेव्हिड केम्प यांनी १९७८मध्ये दाखवलं, की निरोगी कान नुसता ऐकत नाही, स्वतःही बारीक आवाज बाहेर टाकतो. तो आवाज बाहेरच्या केसपेशींचा. ओएई तो टिपतं आणि बाळ ‘पास’ होतं. पण ओटोफर्लिन नसलेल्या बाळाच्या बाहेरच्या केसपेशी धडधाकट असतात! म्हणजे जगातल्या सगळ्या बहिऱ्या बाळांपैकी ज्याला आज जनुकाने ऐकू येऊ शकतं, नेमकं तेच बाळ स्वस्त तपासणीत निर्दोष सुटतं. मेंदूपर्यंत संदेश जातो की नाही हे दाखवणारी तपासणी ‘बेरा’. ती केली नाही, तर आईवडिलांना दोन-तीन वर्षं ‘उशिरा बोलेल, काळजी नको’ एवढंच ऐकायला मिळतं, आणि हातातली वर्षं निघून जातात.

शिवाय जन्मजात आनुवंशिक बहिरेपणात ओटोफर्लिनचा वाटा शंभरात एक ते आठ इतकाच. भारतात जास्त सापडतो तो कनेक्सिन-२६ या जनुकातला दोष. तिथे बिघाड आधार देणाऱ्या पेशींत असतो आणि कानाची जडणघडण चालू असतानाच गडबड होते. घरच पुरतं बांधलेलं नसेल तर एका जागेची दुरुस्ती पुरत नाही.

आणि म्हातारपणाचं काय? गोंगाटाने, औषधांनी, वयाने केसपेशी मेल्या तर? १९८८मध्ये दोन चमूंनी दाखवलं की पक्ष्यांच्या कानात मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात. तेव्हापासून सस्तन प्राण्यांत ते कसं घडवायचं याचा ध्यास चालू आहे. पेशी पुन्हा उगवाव्यात म्हणून बनवलेल्या ‘एफएक्स-३२२’ या औषधावर मोठ्या आशा होत्या. २०२३च्या फेब्रुवारीत त्याची मोठी चाचणी अपयशी ठरली, औषध घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांहून अधिक ऐकू आलं नाही. कोंबडीला जमतं ते आपल्याला जमत नाही, तूर्त एवढंच.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारा शोध मात्र २००९चा आहे, आणि तो उंदरांवरचा आहे. बॉस्टनमध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. उंदरांचं ऐकणं मंदावलं आणि काही दिवसांनी पूर्ववत झालं. केसपेशी सगळ्या जिवंत. तोवरच्या समजुतीप्रमाणे कान बरा झाला. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर केसपेशी आणि तंतू यांच्यातल्या जवळपास निम्म्या जोडण्या कायमच्या तुटल्या होत्या. उरलेल्या जोडण्या शांत खोलीत ‘टीं’ असा आवाज ओळखायला पुरतात, म्हणून ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, चांगला येतो. लग्नाच्या मांडवात समोरच्याचं बोलणं वेगळं काढायला मात्र त्या अपुऱ्या पडतील, असा तर्क. ‘ऐकू येतं हो, पण कळत नाही’ ही तक्रार कान-नाक-घसा तज्ज्ञांना नवी नाही. मशिनवरचा रिपोर्ट नॉर्मल आला की ती आजवर वयावर किंवा दुर्लक्षावर ढकलली जायची.

उंदराचे आकडे माणसाला जसेच्या तसे लागू नाहीत, आणि जिवंत माणसात या जोडण्या मोजायची पक्की तपासणी अजून नाही. मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी कानांत मात्र केसपेशी शाबूत असतानाही तंतू तुटलेले दिसले आहेत. हे वाचल्यावर आपल्याकडच्या एका वाक्याचा मला राग येऊ लागला: ‘दोन दिवस कान बसतात, मग उघडतात.’ मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीनंतर हेच म्हटलं जातं. कान उघडल्यासारखे वाटणं म्हणजे काही न गमावणं, असं आता छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कारखान्यांसाठी अनेक ठिकाणी मानला जाणारा ठोकताळा असा, की ८५ डेसिबल आठ तास सोसावेत, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. फटाक्यांची कायदेशीर मर्यादा चार मीटरवर १२५ डेसिबल. आठ वर्षांचं पोर सुतळी बॉम्ब पेटवून किती लांब पळतं? आणि हे सारे ठोकताळे ऑडिओग्रामवर दिसणाऱ्या नुकसानाला धरून बेतलेले आहेत. जोडण्यांचा हिशेब त्यांत धरलेलाच नाही.

कानाचं संशोधन सांगताना चांगलंच तेवढं उचलायची सवय वृत्तपत्रांना आहे, तशी ती श्रवणयंत्रं विकणाऱ्यांनाही आहे. २०२३ची अमेरिकेतली ‘अचीव्ह’ चाचणी घ्या. सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या, ऐकू कमी येणाऱ्या ९७७ जणांना दोन गटांत वाटलं. एकाला श्रवणयंत्रं, दुसऱ्याला आरोग्याचे सल्ले. तीन वर्षांनी बुद्धीच्या घसरणीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मात्र हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासातून आलेल्या, मुळातच अधिक धोक्यात असलेल्या उपगटात यंत्र लावणाऱ्यांची घसरण ४८ टक्के मंद होती. जाहिरातीत हे ४८ दिसतात. यंत्र लावावं ते नातवाचं बोलणं कळावं म्हणून. डिमेन्शियाची भीती घालून ते विकायची काही गरज नाही.

आता कान वाचवण्याच्या कामाकडे येतो. ते गाजत नाही, पण मोठं आहे.

मुंबईसारख्या शहरांत, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांना पूर्वी सहा-सहा महिने रोज कानामायसिनचं इंजेक्शन टोचलं जायचं. हे औषध केसपेशींत शिरतं ते त्यांच्या टोकाच्या सूक्ष्म दारांतून, ज्या दारांमुळे पेशीला आवाज कळतो. आत जाऊन ते साठतं आणि पेशी मारतं. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून सुरुवातीला कळत नाही. क्षय बरा झाला, पण कान गेले, असे तरुण मुंबईत थोडेथोडके नाहीत. यावरचं उत्तर कानाच्या प्रयोगशाळेतून आलं नाही. ते आलं बेडाक्विलिन या गोळीतून, जी भारतात २०१६पासून मोजक्या केंद्रांवर मिळू लागली. २०१८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कानामायसिन वापरू नये असं सांगितलं.

गोळी महाग होती, आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला तिच्यावरची मक्तेदारी २०२७पर्यंत लांबवायची होती. त्या पेटंटला भारतात आव्हान देणाऱ्यांत क्षयाच्या उपचारांत ऐकणं गमावलेल्या दोघी होत्या, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची. मार्च २०२३मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मूळ पेटंट त्याच वर्षी जुलैत संपलं आणि भारतीय कंपन्यांना गोळी बनवायची वाट मोकळी झाली. गेल्या दशकात कुठल्या निर्णयाने सर्वाधिक कान वाचवले असं मला विचारलं, तर शांघायच्या शस्त्रक्रियागृहाआधी मी या कार्यालयाचं नाव घेईन.

तसंच कर्करोगाच्या मुलांचं. सिस्प्लॅटिनने गाठ जाते, पण अनेकदा ऐकणंही जातं. यकृताच्या एका कर्करोगाच्या मुलांवरची चाचणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलं, तर ऐकणं बिघडणाऱ्या मुलांचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३वर आलं. सोडियम थायोसल्फेट म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतला ‘हायपो’. २०२२मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीही गाठ पसरलेली नसेल तरच, कारण औषध कानाबरोबर गाठीलाही वाचवेल ही भीती आहे.

क्षयाच्या औषधांच्या यादीतून इंजेक्शन मात्र पूर्ण गेलेलं नाही. कानामायसिनचं भावंड ॲमिकासिन अजून आहे: अठरा वर्षांवरच्यांसाठी, जंतू त्याला दाद देतो हे तपासून, आणि दुष्परिणामांवर नीट लक्ष ठेवता येणार असेल तरच. लक्ष ठेवायचं म्हणजे उपचार चालू असताना वरचेवर ऑडिओग्राम, तोही उंच पट्ट्यांपर्यंत. त्यासाठी आवाजबंद खोली लागते, यंत्र लागतं आणि ते चालवणारा ऑडिओलॉजिस्ट लागतो. तालुक्याच्या ठिकाणी रुग्ण इंजेक्शन घ्यायला रोज येतो. ऑडिओलॉजिस्ट बसतो जिल्ह्याला.