विसरलेले भाषण

कोपरगावाहून मनमाडच्या वाटेस लागले म्हणजे थोड्याच अंतरावर येवले लागते. तेथे ता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. आणि १९५६ साली नागपुरास बौद्धधर्म स्वीकारून तो शब्द खरा केला. हे भाषण आमच्या खेड्यापाड्यांतून सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी खास ख्रिस्ती लोकांपुढे केलेले भाषण आमच्यापैकी कितीकांस ठाऊक आहे?

ते सोलापुरास ता. १ जानेवारी १९३८ रोजी झाले. बुद्ध व ख्रिस्त ह्या दोनच विभूतींनी आपले मन वेधले आहे, असे ते तेथे म्हणाले. येथवर ऐकून कोणाही ख्रिस्ती मनुष्यास आनंद होईल. पण त्याच भाषणात त्यांनी आमचे दोषही आमच्या पदरी घातले. दक्षिणेतील मंडळ्यांत जातिभेद पाळला जातो. आणि सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी ख्रिस्ती समाज, समाज ह्या नात्याने, कधी झगडला नाही.

येवल्याच्या भाषणाने लक्षावधी लोकांचे जीवन पालटले. त्याची थोरवी कोण नाकारील? तथापि कीर्ती हे भाषणाचे एक माप झाले. ते आम्हांकडून काय मागते, हे दुसरे. येवल्याचे भाषण ऐकताना आम्ही पाहणारे असतो. सोलापूरचे ऐकताना आम्हीच विचारले जातो. गरिबाची मेंढी हिरावणाऱ्या धनवानावर दावीद राजा संतापला, तो मनुष्य आपणच आहो हे नाथानाने सांगेपर्यंत!

कोणी म्हणेल, ख्रिस्ती सेवकांनी शाळा काढल्या, दवाखाने चालविले, मग हा ठपका का? ती सेवा खरी आहे. परंतु घायाळाच्या जखमा बांधणे निराळे आणि घाव घालणाऱ्याचा हात धरणे निराळे. पहिल्याने दुसऱ्याचे ऋण फिटत नाही.

वाचकहो, प्रभुभोजनास आपण एका मेजाभोवती जमतो. पण सोयरीक जुळविताना पूर्वजांची जात हळूच विचारली जाते की नाही? गावात दुबळ्यावर जुलूम झाला असता आपली मंडळी त्याच्या बाजूस उभी राहते, की प्रार्थना करून घरी जाते? ह्याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. आरशात मुख पाहून ते लागलीच विसरणाऱ्या मनुष्याविषयी याकोबाने लिहिले आहे. सोलापूरचे भाषण हा आमचा आरसा होता. तो आम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला. आता सरळ करावा.