पहिलं खातं

कृष्णाकाठच्या एका गावातली मुलगी नर्स झाली. मिरजेच्या एका रुग्णालयात चार वर्षं राबली, राबता राबता जर्मन शिकली आणि दक्षिण जर्मनीतल्या एका लहान शहरात नोकरीला गेली. राहायला एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. तळमजल्यावर घरमालकीण राहायची. ऐंशीच्या आसपासची, काटक, कमी बोलणारी.

पहिल्याच आठवड्यात पगार विभागातल्या बाईंनी तिच्या पुढ्यात एक फॉर्म ठेवला. नाव लिहून झालं, जन्मतारीख झाली, आरोग्य विम्याचा क्रमांक झाला. एक रकाना राहिला. बावीस घरांचा. पहिल्या दोन घरांत ‘डीई’ ही अक्षरं आधीच छापलेली होती, पुढची वीस घरं रिकामी. तिथे बँक खात्याचा क्रमांक हवा होता.

“पंधरा तारखेच्या आत द्या,” बाई म्हणाल्या. “नाहीतर या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात जाईल.”

मुलगी विचारत सुटली.

वॉर्डात केरळची एक सीनियर नर्स होती. सगळ्या तिला चेची म्हणायच्या, हीही म्हणू लागली. चेची म्हणाली, “सरळ स्पारकासे बँकेत जा. चौकाचौकात त्यांचं एटीएम आहे. दुसऱ्यांच्या मशीनमधून पैसे काढलेस तर दर खेपेला चार-पाच युरो कापतील. आणि इथं पावाच्या दुकानात अजून रोखच मागतात.”

गणपतीला स्टुटगार्टला गेली, तिथे पुण्याचा एक इंजिनिअर भेटला. तो हसला. “शाखेत कोण जातं आता? फोनवर खातं उघड. महिन्याची फी नाही, रांग नाही. घरी पैसे पाठवायला वेगळं ॲप घे, बँकेतून पाठवलेस तर दरात मार खाशील.” मग त्याला आणखी एक आठवलं. “आणि गावाकडचं बचत खातं आहे ना? ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घे. बाहेर राहायला लागलो की साधं बचत खातं ठेवता येत नाही आपल्याला.”

एका डॉक्टरांच्या पत्नीनं तिसरंच सांगितलं. त्यांनी नुकतंच घर घेतलं होतं. “मोठ्या बँकेत जा. आत्तापासून व्यवहार दिसू दे. उद्या घराला कर्ज लागेल तेव्हा म्हणशील, ताई सांगत होत्या.”

रात्री तिनं गावी फोन लावला. आबांना बँकांची नावं कळली नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

“पैसं बुडायचं न्हाईत न्हवं?”

आबा हे का विचारतात ते तिला ठाऊक होतं. गावातली पतपेढी बुडाली तेव्हा आजीची ठेव तिच्यात होती. आजी गेली, ठेव आलीच नाही. ठेवपावती मात्र आबांनी टाकली नव्हती. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला दोनदा घडी मारून ती ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. दर दिवाळीला ट्रंक रिकामी व्हायची आणि पावती पुन्हा तिच्या जागी जायची.

मुलीनं वहीत रकाने आखले. वर बँका, बाजूला फी, एटीएम, कर्ज. सगळ्यात खाली लिहिलं: बुडणार नाही ना? तिथे तिला कळलं की बँक कुठलीही असो, एका बँकेतल्या एक लाख युरोपर्यंतच्या ठेवीला कायद्यानं संरक्षण आहे. युरोपीय संघात सगळीकडे तेच. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे, पतपेढीतल्या ठेवीला तोही नाही. म्हणजे आबांचा प्रश्न सगळ्यात मोठा, पण तिन्ही रकान्यांत उत्तर सारखंच. त्यानं निवड होईना.

आठवडा गेला. वहीतलं पान भरलं, फॉर्मवरचा रकाना रिकामाच राहिला.

शनिवार आला. त्या भागात भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीनं जिना झाडायची पद्धत आहे. त्या आठवड्याची पाळी तिची होती. तिसऱ्या मजल्यापासून झाडत ती तळाशी आली तेव्हा घरमालकीण दारात उभी होती. मुलीनं धीर केला आणि विचारलं, “तुमचं खातं कुठल्या बँकेत आहे?”

आता बाई आपल्या बँकेचं नाव सांगणार, आणि वहीत चौथा रकाना आखावा लागणार, असं तिला वाटलं. बाईंनी उलट विचारलं, “येत्या सहा महिन्यांत तुम्हाला बँकेत काय काय काम आहे?”

मुलगी केरसुणी धरून उभी राहिली. हे तिनं कुठेच लिहिलं नव्हतं.

“पगार यायला हवा,” ती म्हणाली. “भाडं जायला हवं. थोडी रोकड लागेल. आणि...” ती अडखळली. “बँकेची पत्रं मला कळत नाहीत. मला तापाची जर्मन येते, जखमेची येते, गोळ्यांची येते. बँकेची येत नाही. कुणीतरी सावकाश बोलणारं हवं.”

“घर घेणार आहात?”

“नाही.”

“मग कर्जाचा विचार आज कशाला?”

“आणि चुकीची बँक निवडली तर?”

“तर बदला. 2016 पासून कायदाच आहे. नव्या बँकेत एका कागदावर सही करायची. गेल्या तेरा महिन्यांत खात्यातून कुणाकुणाला नेमानं पैसे गेले, त्याची यादी जुनी बँक नव्या बँकेला देते.”

“आणि बँकच मला नको म्हणाली तर?”

“तोही कायदा त्याच वर्षीचा. इथे रीतसर राहणाऱ्या कुणालाही साधं खातं नाकारता येत नाही.” एवढं बोलून बाई दाराबाहेर निघाल्या. “पण खात्याच्या आधी इकडे या.”

बाहेर भिंतीवर पत्रपेट्यांची ओळ होती. तिसऱ्या मजल्याच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं, उन्हानं अर्धं उडालेलं.

“तुमचं नाव कुठे आहे?”

मुलगी गप्प राहिली. घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत नोंद करायची असते. ती तिनं केली होती. घरमालकिणीच्या सहीचा कागदही तिथे दिला होता. पेटीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“इथे खोलीला क्रमांक नसतो,” बाई म्हणाल्या. “पोस्टमन घराचा क्रमांक बघतो आणि मग पेटीवरचं नाव. नाव दिसलं नाही की पत्र परत नेतो. कर खात्याचा क्रमांक आला तुमचा?”

“नाही.”

“येणारही नव्हता. बँकेचं कार्ड एका पाकिटातून येतं आणि पिन दुसऱ्या पाकिटातून, दुसऱ्या दिवशी. बँक कुठलीही घेतली असती तरी दोन्ही पाकिटं परत गेली असती.”

त्यांनी आतून पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी कापून आणली. मुलीनं तिच्यावर ठळक अक्षरांत आडनाव लिहिलं. बाईंनी चाकूच्या टोकानं जुनी पट्टी काढली आणि नवी पारदर्शक झाकणाखाली सरकवली. ती थोडी तिरकी बसली. बाईंनी पुन्हा काढून सरळ बसवली.

घरापासून बसथांब्याच्या वाटेवर एक छोटी सहकारी बँक होती. बाहेर तिचं एटीएम होतं. महिन्याला काही युरो फी होती, पण शाखेत माणसं होती. मुलीनं वेळ मागून घेतली. गुरुवारची मिळाली.

टेबलापलीकडे एक तरुण कारकून होता. त्यानं पासपोर्ट पाहिला, व्हिसा पाहिला, नगरपालिकेचा नोंदणीचा कागद आणि नोकरीचा करार पाहिला. एकेका कलमावर बोट ठेवून सावकाश समजावलं. ती दोनदा म्हणाली, पुन्हा सांगा. त्यानं दोनदा सांगितलं. शेवटी तो म्हणाला, “हवं असेल तर बँकेचं सभासदही होता येतं. भाग घ्यायचा. वर्षाला सभा असते. भाग कितीही असोत, माणशी एक मत.”

मुलीला हसू आलं. “आमच्या गावात असंच असतं. सोसायटी म्हणतो आम्ही तिला.”

कारकुनानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. बँकेच्या नावात रायफायझेन हा शब्द होता. रायफायझेन हा एक ग्रामप्रमुख होता, कारकुनानं सांगितलं. 1846-47 च्या हिवाळ्यात पिकं बुडाली आणि लोक उपाशी पडले, तेव्हा त्यानं गावातल्या ऐपतदारांना एकत्र करून पीठ आणवलं, भट्टी घातली आणि गरिबांना उधारीवर पाव दिला. पुढे 1864 मध्ये त्यानं शेतकऱ्यांना कर्ज देणारी संस्था काढली. पैसा सभासदांचा, जबाबदारीही सभासदांचीच.

कारकुनाला ठाऊक नव्हतं ते पुढचं. मद्रास इलाख्यातल्या फ्रेडरिक निकल्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या पद्धतीचा अभ्यास केला आणि हिंदुस्थानात ती आणावी असा अहवाल दिला. त्यातून 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. कृष्णाकाठच्या सोसायटीचं मूळ असं त्या उपाशी हिवाळ्यात होतं.

रात्री मुलीनं आबांना माणशी एक मताची गोष्ट सांगितली.

“म्हंजी आपली सोसायटीच की गं,” आबा खुशीत म्हणाले. मग फोनवर जरा शांतता झाली. “खातं काढ तू. पर मेंबर लगीच होऊ नगंस.”

ती सभासद झाली नाही. खातं मात्र उघडलं. आधी कार्ड आलं, दोन दिवसांनी पिनचं पाकीट आलं. चौदा तारखेला तिनं बावीस घरं भरून फॉर्म दिला आणि महिनाअखेरीला पगार जमा झाला.

हिवाळ्यात एक गोष्ट घडली. बंद केलेल्या एका वर्गणीचे पैसे पुन्हा खात्यातून गेले. मुलगी घाबरून शाखेत गेली. कारकून म्हणाला, “कुणी असे परस्पर पैसे वळते करून घेतले तर आठ आठवड्यांपर्यंत ते परत मागवता येतात. कारणही द्यावं लागत नाही.” त्यानं तिच्याच फोनवर कुठे दाबायचं ते दाखवलं. पैसे परत आले. पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागलं नाही.

दीड वर्ष गेलं. तिची जर्मन सुधारली. बँकेची पत्रं ती आता जिन्यातच उघडून वाचायची. रात्रपाळ्या वाढल्या, आणि शाखेच्या वेळात ती झोपलेली असायची. आत जाऊन सात-आठ महिने झाले होते. फी मात्र दर महिन्याला जात होती. इंजिनिअरनं सांगितलेली फोनवरची बँक आता तिला सोयीची दिसू लागली.

पण मन होईना. त्या माणसानं आपल्याला दोनदा समजावून सांगितलं, आणि आपण जायचं?

तिनं घरमालकिणीला विचारलं. बाई स्वतः चाळीस वर्षं त्याच सहकारी बँकेच्या सभासद होत्या, हे तिला तेव्हा कुठे कळलं.

“मग तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?”

“मला तिथे चाळीस वर्षं बरं वाटलं,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला काय हवं ते मला कुठे ठाऊक होतं? त्या मुलाला आभाराचं पत्र लिहा. खातं तुमच्या सोयीनं ठेवा.”

चेची खोटं बोलली नव्हती. इंजिनिअरही नाही, डॉक्टरांच्या पत्नीही नाहीत. चेचीच्या घराखाली एटीएम होतं, इंजिनिअरचं ऑफिस लॅपटॉपमध्ये होतं, डॉक्टरांच्या घरावर कर्ज होतं. ज्यानं त्यानं आपल्या संसाराला बसलेलं खातं तिच्या पुढ्यात ठेवलं होतं, तेही मायेनं. परक्या मुलखात नवं माणूस आलं की उत्तरं अशी आधी येऊन बसतात. प्रश्न ज्याचा त्याला शोधावा लागतो, आणि सहा महिन्यांनी तो बदललेलाही असतो.

मुलीनं नव्या बँकेच्या कागदावर सही केली. पत्र लिहिलं, तेही पोस्टात टाकलं. पुढच्या महिन्याचं भाडं नव्या खात्यातून गेलं. जुनं खातं बंद झालं तेव्हा त्यात चार युरो बारा सेंट उरले होते. मागणी न करता तेही नव्या खात्यात जमा झाले.

तिनं आबांना फोनवर हे सहज सांगितलं.

“बारा सेंटबी दिलं?” आबांनी विचारलं. थोड्या वेळानं, दुसरंच काही बोलणं चाललेलं असताना, त्यांनी पुन्हा विचारलं, “बारा सेंटबी?”