तुम्ही माझे आहात की नाही?



आज प्रायश्चित्त काळातील तिसरा रविवार. पहिल्या वाचनात (निर्गम १७:३-७) तहानेने व्याकूळ झालेले इस्राएल लोक मोशेवर कुरकुर करतात. मिसरच्या गुलामगिरीतून सुटलेली, समुद्रातून कोरड्या पायांनी पार झालेली, रोज सकाळी मान्ना वेचणारी ही माणसे. तरीही देव आपल्यामध्ये आहे की नाही, असे ती विचारतात. हे वाचन आले की आपण त्यांना कृतघ्न ठरवून मोकळे होतो. या वेळी मात्र प्रवचनाची तयारी करताना आमच्या डोळ्यांसमोर एक घर येत राहिले. त्या घरच्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

लग्नानंतर बरीच वर्षे वाट पाहून या दांपत्याने सहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. स्नानसंस्काराच्या दिवशी आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या, केक खाल्ला. पहिले दोन महिने मुलगा पाहुण्यासारखा वागला. सांगेल ते ऐकायचा, 'थँक यू' म्हणायचा. मग एके दिवशी गादीखाली बुरशी आलेले पाव आणि बिस्किटे सापडली. आई रागावली, तेव्हा तो तिच्या हाताला कडकडून चावला. पुढे खोटे बोलणे, पैसे उचलणे, नाताळच्या गोठ्यातील मूर्ती फोडणे, शेजारच्या लहान मुलीला ढकलून देणे हे सारे सुरू झाले. रात्री दोन-दोन तास किंचाळणे वेगळेच. बाहेरच्यांशी मात्र तो गोड. त्यामुळे आईच काहीतरी चुकत असावी, असे शेजाऱ्यांना वाटू लागले.

एका संध्याकाळी ती माऊली धर्मगुरूनिवासात येऊन बसली. बराच वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "फादर, मला त्याची भीती वाटते. कधी कधी तो मला नकोसा होतो. हे पाप आहे का?"

आम्ही काय सांगितले? रोज रोजरी म्हणा, सर्व ठीक होईल. रोजरी ती म्हणतच होती. आणि त्याच महिन्यात धर्मशिक्षण वर्गातून निरोप गेला की, मुलगा इतरांना त्रास देतो, त्याला काही दिवस घरीच ठेवा. हा निरोप आमच्या संमतीने गेला होता. हे येथे कबूल करायला हवे.

मान्नाची गोष्ट आठवा. उद्यापर्यंत ठेवू नका, असे सांगूनही काहींनी तो लपवून ठेवला आणि त्यात किडे पडले. ते लोभी होते का? चारशे वर्षे गुलामीत राहिलेल्याला उद्याही मिळेल यावर विश्वास कसा बसणार? गादीखालचे पाव तेच सांगत होते. जे तान्हे मूल रडले तरी कोणी येत नाही, किंवा येणारे हात दर पाळीला बदलतात, ते एक धडा शिकते : जीव लावणारे माणूस निघून जाते. मग खरेच माया करणारे कोणी भेटले की त्याची भीती आणखी वाढते. हेही टाकतील तर आत्ताच टाकू देत, म्हणून ते फोडते, चावते, परीक्षा घेते. मस्सा या नावाचा अर्थच परीक्षा आणि मरीबा म्हणजे भांडण. तुम्ही माझे आहात की नाही, हा एकच प्रश्न ते मूल शंभर प्रकारे विचारत असते.

आपल्याकडे याला चटकन 'कोणाचे रक्त कोण जाणे' म्हणतात. बंधू-भगिनींनो, हे बोल आपल्या तोंडी शोभत नाहीत. आपणही देवाची दत्तक लेकरेच आहोत, असे संत पौल सांगतो. शिवाय अनुभवही वेगळे सांगतो. १९८९ साली रुमानियातील राजवट कोसळली आणि तेथील अनाथालयांची भीषण अवस्था जगाला कळली. तेथील अनेक मुले इंग्लंडमधील कुटुंबांनी दत्तक घेतली आणि संशोधकांनी त्यांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांच्या आत ज्यांची सुटका झाली ती बहुतेक इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ तेथे काढलेल्यांपैकी अनेकांना चांगले घर मिळूनही मोठेपणापर्यंत अडचणी राहिल्या, काही मात्र छान सावरली. म्हणजे दोष रक्ताचा नसतो. पण माया केली की सारे आपोआप बरे होते, असेही नाही. हे दुसरे सांगायला आम्ही प्रचारक नेहमी कचरतो.

आता मोशेकडे पाहा. तोही दत्तक वाढलेला! या लोकांचे मी करू तरी काय, हे मला धोंडमार करतील, असे तो देवाला ओरडून सांगतो. गणनाच्या पुस्तकात (अध्याय ११) तर, मी यांना जन्म दिला का, असे विचारून तो मरण मागतो. देव त्याला तुझा विश्वास कमी पडला, असे म्हणत नाही. इस्राएलाचे काही वडीलजन बरोबर घे, असे सांगतो. गणनाच्या पुस्तकात तर सत्तर जण देतो. आणि हातातली काठी? ती खडकावर मारायची असते, तहानलेल्या लोकांवर नाही.

त्या माऊलीला आज आम्ही सांगू की, भीती आणि थकवा हे पाप नाही. मुलाला मारून सरळ करा, हा सल्ला मात्र ऐकू नका. मार खाल्लेल्या लेकराला मारानेच उत्तर मिळाले, तर त्याचा जुना धडा पक्का होतो. बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे म्हणजे देवावरचा विश्वास सोडणे नव्हे. दत्तक दिल्यानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाहणी करणे आणि अडचण आल्यास समुपदेशन देणे हे संस्थेचे काम आहे. ते हक्काने मागावे. संकटसमयी मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पूर्वी आपल्या ख्रिस्ती दांपत्यांना १८९० च्या कायद्याखाली केवळ पालक म्हणून नेमले जाई. बाल न्याय कायदा, २००० आणि त्यातील २००६ ची दुरुस्ती यांमुळे दत्तक मुलाला पोटच्या मुलाचे हक्क मिळू लागले. कायद्याने त्याला आपला केले, आता राहिलो आपण.

त्या घरी आता मुलाच्या उशाशी त्याचा स्वतःचा डबा असतो. आई रोज रात्री त्यात खाऊ भरते, आदल्या दिवशी त्याने काहीही केलेले असो. ती सांगते, मागच्या महिन्यात दोनदा डबा सकाळी न उघडलेला मिळाला. चावणे अजून थांबलेले नाही.

धर्मशिक्षण वर्गात तो पुढच्या रविवारपासून परत येत आहे. त्याच्या शेजारी बसायला एक मोठे माणूस हवे आहे. आठवड्यातून एकदा दोन तास त्या घरी थांबून आई-बाबांना जरा मोकळे करील, अशी दोन-तीन माणसेही हवी आहेत. उपदेश करणारी नकोत. १९ मार्चला, संत योसेफाच्या सणाच्या संध्याकाळच्या मिस्सानंतर आम्ही धर्मगुरूनिवासात थांबू. अशीच अडचण असलेली इतर कुटुंबेही निःसंकोच यावीत. मागचे दार उघडे असेल.