फरशीखालचें काम

वचन: लूक 6:48

घर बांधणाऱ्या मनुष्याविषयीं प्रभूनें जें सांगितलें, त्यांतील एक गोष्ट आपल्या लक्षांतून सहज निसटते. तो मनुष्य खोल खणीत गेला. शेजाऱ्यांस तेव्हां काय दिसलें असेल? घर वर येण्याऐवजीं मातीचा ढीग मात्र वाढत होता!

घरीं शहाबादी फरशी बसविणारास हें ठाऊक आहे. काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत सुकून भेगाळते. तिजवर फरशी नुसती मांडली तर तीहि हलते. म्हणून शहाणा गवंडी अगोदर ती माती काढतो. जोत्यांत मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनीं भरतो, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानें ठोकतो. वर दगडांची सोलिंग, मग सुमारें 4 इंच काँक्रीट, आणि तें मुरल्यावर ओल्या मालाचा सारखा थर, मग फरशी. शेवटीं ती ठोकून तो कान देतो. पोकळ वाजली तर उचलतो, वरून ती कितीहि निर्दोष दिसो.

शलमोनानें मंदिराची भूमि सोन्यानें मढविली (1 राजे 6:30). पण त्यापूर्वीं पायासाठीं मोठे घडीव धोंडे आणविले होते (5:17). ते धोंडे पुढें कोणास दिसले?

उपदेशक बंधूंनो, हें विशेषेंकरून तुम्हांसाठीं आहे. अमुक गांवीं इतकीं घरें बाप्तिस्म्यास तयार आहेत, असें कळविण्याची आपणांस उतावीळ होते. ज्यास प्रभूची प्रार्थना पाठ झाली, पण भावाशीं बांधाचें भांडण मिटलें नाहीं, त्याच्या खालची माती अजून काळीच आहे. मूल आजारी पडलें कीं तो भगताच्या दारीं जातो, आणि मग आपण त्याजवर रागावतों! शिकविणारानें अगोदर आपण घातलेला थर तपासावा.

उखडलेली फरशी कोणी फोडून टाकीत नाहीं. ती महाग असते. गवंडी ती धुतो, खालचा भुगा खरवडून काढतो आणि तीच परत बसवितो. पडलेल्या बंधूस मंडळीनें असेंच घ्यावें. आणि नव्या फरशीवर लगेच चालत नाहींत, तिला कांहीं दिवस पाणी देऊन राखतात. तसें त्याजवर पंचाचें ओझें तूर्त देऊं नये. संध्याकाळीं त्याच्या ओसरीवर बसून एक अध्याय वाचावा. दोन आठवडे, चार आठवडे, पावसाळा सरेपर्यंत.