कोरलेला बांध

पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीत दोन चुलतभाऊ राहत. थोरल्याचं रान वर, धाकट्याचं त्याला लागून खाली. मधे ऐसपैस बांध. १९७२च्या दुष्काळात त्यांचे बाप सुकडी खाऊन बंडिंगच्या कामावर राबले, तेव्हाचा तो. त्यावर तरवड वाढला होता, हिवराची दोन झाडं होती.

एका वर्षी नांगरताना थोरल्याने नांगर बांधाला जरा घासून घेतला. एकच तास. ज्वारीची एक ओळ वाढली. पुढच्या वर्षी आणखी एक. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तसं तासही रुंदावलं. तरवड निघाला, हिवराची मुळं उघडी पडली.

धाकट्याला सगळं दिसत होतं. वीतभर मातीसाठी भावाशी काय भांडायचं, म्हणून तो बोलला नाही; पण मनात धरून बसला. मग त्यानेही खालून कोरायला घेतलं. मोजणी आणायची भाषा दोघेही करत, अर्ज मात्र कुणी देईना. आपण किती कोरलं, ते ज्याचं त्याला ठाऊक होतं.

बांधाचा नुसता वरंबा उरला. त्यात उंदरांनी बिळं केली.

"अहो, बांध राहिला कुठं?" थोरल्याची बायको म्हणाली.

"आपल्या ओळी मोज की," तो म्हणाला.

त्या साली हस्ताचा पाऊस एका रात्रीत कोसळला. वरच्या रानात पाणी तुंबलं, बिळांत शिरलं आणि बांध फुटला. सकाळी थोरल्याच्या रानात मुरूम उघडा पडला होता. त्याची काळी माती बियाण्यासकट खाली गेली होती आणि धाकट्याची उगवलेली ज्वारी तिच्याखाली गाडली गेली होती.

वाडीने दोष उंदरांना दिला. पण उंदराला कुरतडल्यावाचून गत्यंतर नसतं. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात. झिजवले नाहीत तर तोंड मिटत नाही, घास जात नाही. भावांची अशी काही अडचण नव्हती. दोघांच्याही घरी ज्वारी पुरून उरत होती.

उन्हाळ्यात दोघांनी जेसीबी लावून माती वर ओढली. खर्च निम्मा निम्मा. बांध किती रुंद धरायचा, यावर मात्र अर्धा दिवस वाद झाला. शेवटी थोरल्याची बायको वैतागून म्हणाली, "कडब्याचा भारा घेऊन दोन बाया समोरासमोर आल्या तर अडू नयेत, एवढा धरा."

तेवढा धरला.