कॅमेऱ्याचा विसर

माहितीपट करणाऱ्यांमध्ये एक गोष्ट कौतुकाने सांगितली जाते: आठ-दहा दिवस नुसते बसून राहा, लोक कॅमेरा विसरतात. ते खरं आहे. पण संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देताना माणूस सावध असतो, केस नीट करून, बरं लुगडं नेसून बसलेला असतो. आम्हाला हवं असतं ते त्यानंतरचं, सावधपणा गळून पडल्यावरचं. सही एका माणसाची आणि चित्रण भलत्याच माणसाचं, असा हा व्यवहार आहे.

ऊसतोड मजुरांवर माहितीपट करताना हे फार जवळून दिसलं. बीडकडची टोळी कोल्हापूर भागात आलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, हंगामाआधीच नवऱ्याच्या हातात पडलेली, ती दोघांनी तोडून फेडायची. मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, कधी रात्री बारालाही, कारण गाडी येईल तेव्हा भरावी लागते. एका बाईच्या पदराखाली कॉलर माइक लावला होता. ती लांब फडात, माझ्या कानाला हेडफोन. वाढे बांधता बांधता ती जावेला सांगत होती, की नवऱ्याने दुसऱ्याही एका मुकादमाची उचल घेतलीय आणि आपल्याला ते कालच कळलं. आवाज स्वच्छ, मागे कोयत्यांचा सपसप ताल. मुलाखतीत असं वाक्य मिळत नाही.

दोन मुकादमांचे पैसे घेतलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे त्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा माहितीपट महोत्सवांत फिरणार, तिला मात्र पुढच्या दिवाळीनंतर कुठल्यातरी मुकादमाच्याच गाडीत बसायचं. ते वाक्य काढलं. त्यावर फार डोकं लावावं लागलं नाही.

डोकं लागलं ते दुसऱ्याच शॉटवर. हंगाम संपल्यावर त्यांच्या गावी जाऊन लॅपटॉपवर रफ कट दाखवला. नवऱ्याशी तिचं कडाक्याचं भांडण त्यात होतं, ते ती काढायला लावणार अशी माझी खात्री. ते तिने हसत पाहिलं. ‘‘भांडणं कुणाच्या घरी न्हाईत?’’ ती अडली बांधावरच्या शॉटपाशी. अंगभर पाचटाची धूळ, केस पिंजारलेले, आणि ती शिळी भाकरी पाण्यात बुडवून खातेय. ‘‘एवढं काढा, दादा. माह्या भावाच्या घरी बघतील. म्हनतील, हिला कोरड्यासबी मिळंना.’’ आमच्या कॅमेरामनच्या मते आणि माझ्याही मते तो सबंध माहितीपटातला सर्वांत चांगला शॉट होता. पाहणाऱ्याला भुकेबद्दल काही सांगायची गरजच उरली नसती. मी तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा समजावून पाहिलं. ती ऐकेना. काढला. त्या जागी माहितीपट लंगडा झाला, असं मला आजही वाटतं. पण भुकेपेक्षा माहेरची पत मोठी की नाही, हे ठरवणारा मी कोण?

अशाने कात्री लोकांच्या हातात जाते, असं पत्रकार मित्र म्हणतात. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांनीही ‘आमची मुलाखत आधी दाखवा’ असा निरोप धाडला होता. त्यांना नाही म्हणून कळवलं. मला यात विसंगती दिसत नाही. अध्यक्षांना न पटलं तर खुलासा छापायला वर्तमानपत्रं आहेत, वकील आहेत. तिला न पटलं तर भावाच्या दारात मान खाली घालण्यापलीकडे काय आहे?

स्वतःचं म्हणणं मांडता येणारी माणसं पडद्यावर असली की गोष्ट जरा बरी होते. ‘रायटिंग विथ फायर’ हा ‘खबर लहरिया’ या वृत्तसंस्थेच्या महिला पत्रकारांवरचा माहितीपट. 2022 मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. त्यात या पत्रकारांचा गौरवच आहे. तरीही सोहळ्याच्या काही दिवस आधी त्यांनी निवेदन काढलं: माहितीपट प्रभावी आहे, पण एकाच पक्षावर बातम्या करणारी संस्था अशी आमची प्रतिमा त्यात उभी राहते आणि ती खरी नाही. कौतुकातही माणूस अर्धा कापला जातो. त्यांच्या हाती लेखणी होती म्हणून ते जगाला कळलं.

आणि माहितीपट पुरा झाला म्हणून नातं मिटतं असंही नाही. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये शाहीर विलास घोगरे गायले होते. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जण गेले, आणि काही दिवसांतच घोगऱ्यांनी गळफास घेतला. तिथून सुरू झालेलं पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’चं काम 14 वर्षं चाललं, माहितीपट 2011 मध्ये आला. इतकं धरून राहणं मला जमेल असं मी म्हणणार नाही. आमच्या धंद्यात पैसा एका माहितीपटाचा मिळतो, आणि दुसऱ्याचा अर्ज पहिल्याचं संकलन चालू असतानाच भरावा लागतो.

त्या बाईचा फोन मात्र अजून येतो. कामापुरताच: मुलीचा दाखला, वसतिगृहाचा फॉर्म, एकदा रुग्णालयात कुणाची ओळख आहे का म्हणून. जमेल ते करतो, पुष्कळदा जमत नाही. तेव्हा ती रागावते, आणि ते तिला तोंडावर बोलूनही दाखवता येतं.